वेंडेलची हिच आणि आर्डिसची मान

वेंडेल ऑस्टबीइतका सालस माणूस आमच्या ट्रेलर पार्कात दुसरा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याला बरंच बोलणार आहे.

एकतीस वर्षं त्यानं नॉर्थ डाकोटात शाळेची बस चालवली. पोरांच्या दोन पिढ्या त्याच्या बसमधून शाळेत गेल्या आणि एकालाही साधं खरचटलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यानं आणि त्याच्या बायकोनं, आर्डिसनं, चाकांवरचं घर घेतलं. झोपायची खोली, ओटा, सोफा, सगळं आत. असल्या ट्रेलरला फिफ्थ व्हील म्हणतात, म्हणजे पाचवं चाक. मोजायला गेलात तर चाकं चारच भरतात. हे नाव कुणी ठेवलं ते मला कळलं तर त्याला मी जाब विचारणार आहे. या ट्रेलरची मान पुढे आलेली असते आणि मानेखाली मनगटाएवढा लोखंडी खुंटा असतो. ट्रकच्या हौद्यात एक जबडा बसवलेला असतो. जबड्यानं खुंटा धरला की झालं टोचन. त्या जबड्याला हिच म्हणायचं. एवढं लक्षात ठेवा, बाकी लोखंडाचं मी काही सांगणार नाही.

दर ऑक्टोबरात दोघं सतराशे मैल हे घर ओढत इकडे अॅरिझोनात यायची, युमाजवळच्या आमच्या पार्कात, आणि एप्रिलात तसंच ओढत परत जायची. नऊ हिवाळे माझ्या शेजारच्या जागेवर त्यांचा मुक्काम. मी ट्वायला, मूळची ओक्लाहोमाची. माझा नवरा होय्ट होता तोवर आम्ही भांडायला लागलो की पार्काच्या फाटकापर्यंत ऐकू जायचं. अडतीस वर्षांत आमच्या मनात म्हणून काही राहिलं नाही, सगळं तोंडातून बाहेर. होय्ट गेल्यावर मी इथेच कायमची राहिले. त्यामुळे ऑस्टबींसारख्या माणसांशी जमवून घ्यायला मला फार वर्षं लागली.

कारण त्यांच्या मुलखात कुणी सरळ बोलत नाही. 'वाईट नाही' म्हणाले म्हणजे उत्तम. 'वेगळंच आहे' म्हणाले म्हणजे उचला आणि फेकून द्या. माझ्या मिरच्यांच्या रश्श्याला आर्डिस 'वेगळंच आहे हं' म्हणाली होती आणि मी खुळी, तिला आणखी दोन पळ्या वाढल्या. आणि 'याहून वाईट असू शकलं असतं' ही तर त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी, जन्मात एखाद्या वेळी निघते. वेंडेलनं आर्डिसला मागणी घातली ती याच शब्दांत. 'तुला माझ्याहून वाईट नवरा मिळू शकतो,' म्हणाला. ती म्हणाली, 'बघू.' झालं, सेहेचाळीस वर्षांचा संसार.

शिवाय आग्रहाचा कायदा. त्यांना कॉफी विचारा, 'नको' म्हणणार. परत विचारा, 'कशाला उगाच' म्हणणार. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अर्धा कप' म्हणणार आणि तीन कप पिणार. दोनदा विचारून तुम्ही थांबलात तर माणूस तहानेनं मरेल, पण मागणार नाही.

तर यंदा मार्चात पार्काचं जेवण होतं, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा असं. आर्डिस तिची हिरवी जेली वाढत होती, किसलेलं गाजर घातलेली. वाढता वाढता म्हणाली, "जेनिसचं पत्र आलंय. तिकडे डाकोटात, मायनॉटला तिच्या इमारतीत दोन खोल्यांची जागा रिकामी झालीय. युमाहून विमान पण जातं म्हणे." आणि मानेवरून हात फिरवला. पुढच्याला जेली वाढली.

मला यात काही वाटलं नाही. जेनिस तिची बहीण, पत्र लिहिणारच. पण वेंडेलचा काटा ताटातच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात उभा, टोपी हातात.

"ती विमानानं जाणार, ट्वायला," तो म्हणाला. "आणि मग परत यायची नाही. ट्रेलर विकायचा, आणि जेनिसच्या शेजारी."

"असं ती कधी म्हणाली?"

"काल ओरडून सांगितलं की तिनं. तू तिथेच तर होतीस."

मी कपाळावर हात मारला. "का पण?"

"मान. गचके बसतात. ट्रक जरा थांबला की ट्रेलर मागून ढुशी देतो, निघाला की मागे खेचतो. सतराशे मैल. गेल्या वर्षी घरी पोचल्यावर तीन आठवडे तिला मान वळवता येत नव्हती." मग टोपीकडे बघत म्हणाला, "सतराशे मैल मी एकटा कसा जाऊ? सँडविच कोण सोलून देणार?"

सँडविचचा कागद सोलून, अर्धं अर्धं त्याच्या हातात देत आर्डिस बसते, हे मला माहीत होतं. पण तो सँडविचबद्दल बोलत नव्हता. एवढं मलाही कळत होतं. मी त्याला आत घेतलं आणि तीनदा कॉफी विचारली.

त्याला पाहिजे होती गचके गिळणारी हिच. अशा हिच असतात. आता ही गोष्ट त्यानं गुपचूप दुकानात जाऊन विचारायची, तर हा गेला पार्कातल्या लोकांकडे. आमच्या पार्कात हिचवर मत नसलेला पुरुष नाही. देवधर्मावर नसेल, हिचवर आहे.

त्यातही दोन पंथ. रोली थिबोडो, लुईझियानाचा, जन्मभर वेल्डिंग केलेला, हा हवावाला. याच्या हिचखाली हवेचे फुगे असतात, गचका आला की फुगा दबतो. बर्डेट काल्किन्स, आयोवात ट्रॅक्टर विकायचा, हा रबरवाला. याच्या हिचमध्ये जाड रबराचे ठोकळे. या एका मुद्द्यावरून दोघं तीन हिवाळे एकमेकांशी बोलत नव्हते. समोरासमोर राहतात, एकाच बाकावर बसतात, आणि निरोप माझ्यामार्फत.

"त्याला सांग," रोली म्हणाला, "रबर पेन्सिलीच्या मागे शोभतं."

बर्डेट शेजारीच बसला होता. "त्याला सांग, फुगे वाढदिवसाला शोभतात."

"सांगितलं दोघांनाही," मी म्हटलं. "आता या बिचाऱ्याचं बोला."

दोघांनी आपापली हिच वेंडेलला वापरून बघायला दिली. आता चांगली कुठली हे ठरवायचं कसं? वेंडेल बसवाला माणूस, नीट पद्धतीनं करणारा. त्यानं युक्ती काढली ती आर्डिसच्या जेलीची. जेलीचं भांडं ट्रेलरच्या टेबलावर ठेवायचं, ठरलेल्या रस्त्यानं आठ मैलांचा फेरा मारायचा, परत आल्यावर जेली बघायची. जेली शाबूत तर मान शाबूत. आर्डिसला मात्र 'चाकं तपासायला नेतो' एवढंच सांगायचं, आणि तेवढा वेळ ती माझ्या ओट्यापाशी पुढची जेली करत बसायची.

पहिला फेरा रबराचा. सगळं पार्क घडीच्या खुर्च्या टाकून फाटकापाशी बसलं होतं. ट्रेलर आला, दार उघडलं, जेलीचे तीन तुकडे आणि गाजर पडद्यावर. रोलीनं टोपी काढून बर्डेटला वाकून नमस्कार केला. बोलला मात्र नाही.

दुसरा फेरा हवेचा. जेलीचा तुकडा एकही पडला नव्हता. ती अख्खीच्या अख्खी भांड्यातून निघून सोफ्यावर जाऊन बसली होती. बर्डेट इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

आणि ही जेली टाकायची नाही बरं. आर्डिसच्या घरात अन्न टाकत नाहीत. तुकडे झालेली, सोफ्यावर बसून आलेली, सगळी पार्कात वाटली गेली. ती बिचारी रोज नवी करत होती. "हल्ली जेली खपते हो फार," एवढंच म्हणायची. मी आठ दिवस हिरवी जेली खाल्ली. आजही हिरवं काही हललं की मी उठून जाते.

मग वेंडेल युमाला जाऊन तिसरी हिच घेऊन आला, दुकानदारानं चार दिवस बघायला दिलेली. तिला फुगेही होते आणि शॉक अॅब्झॉर्बरही, फुगा दाबला गेला की परत उसळू नये म्हणून. त्याहून चांगलं काही मिळतच नाही म्हणे. फेऱ्याला यावेळी मी म्हटलं, मी येते. जेली आत एकटी काय करते ते मला बघायचं नव्हतं, मला पार्कातून जरा बाहेर पडायचं होतं. मी ट्रकमध्ये वेंडेलशेजारी बसले, आर्डिसच्या जागेवर.

फाटकाबाहेरच रेल्वेचे रूळ आहेत. तिथे थांबायची पाटी आहे, सगळेच थांबतात, तोही थांबला. पुढे रस्ता मोकळा. गाडी अशी लोण्यासारखी चालली होती की मला डुलकी यायला लागली. मला वाटलं, सुटला प्रश्न.

तीन मैलांवर तो रस्ता परत रूळ ओलांडतो. तिथे पाटी नाही, फाटक नाही, दोन्हीकडे दहा मैल सपाट वाळवंट. मुंगी आली तरी दिसेल. आणि वेंडेलनं ब्रेकवर पाय दाबला. मी पट्ट्यातून पुढे, ट्रेलरची ढुशी मागून, मान खाडकन. गाडी पूर्ण थांबली. त्यानं मागचे दिवे लुकलुकवले. काच खाली केली, डोकं बाहेर काढलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग मागच्या रिकाम्या सीटकडे वळून ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "शू. सगळे गप्प." मग त्याचा उजवा हात माझ्या नाकावरून गेला, हवेत काहीतरी धरलं, ओढलं, कान देऊन ऐकलं, परत ढकललं. आणि गाडी निघाली. ट्रेलरनं मागे खेचलं. मान परत खाडकन.

मी काही वेळ बोललेच नाही. मी, ट्वायला.

"हे काय होतं?" मी शेवटी म्हटलं.

"काय काय होतं?"

"आत्ता थांबलास ते."

"मी कुठे थांबलो?" वेंडेल म्हणाला. आणि त्याला खरंच माहीत नव्हतं, शपथेवर सांगते.

शाळेच्या बसला प्रत्येक रुळावर थांबावंच लागतं. दार उघडायचं, पोरांना गप्प करायचं, ऐकायचं, दार लावायचं. एकतीस वर्षं दिवसातून कितीदा तरी त्यानं ते केलं होतं. बस गेली, पोरं गेली, दाराचा दांडा गेला, पण पाय आणि हात अजून नोकरीवर होते. आणि सतराशे मैलांत रूळ किती येतात ते देवाला माहीत, आणि आर्डिसच्या मानेला.

"वेंडेल," मी म्हटलं, "हिच बदलून काय होणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तुझ्या हिचला काही झालेलं नाही. तुझ्या उजव्या पायाला झालंय."

सगळं सांगितलं. बोट, हात, शू, सगळं. तो लाल झाला, मग पांढरा झाला. "पुढच्या रुळांवर थांबत नाही, बघ," म्हणाला. पुढचे रूळ आले. त्यानं सुकाणू दोन्ही हातांनी धरलं, दात आवळले, कपाळावर घाम. रूळ दहा हातांवर असताना पाय गेलाच, आधीच्याहून जोरात. मागे धप्प असा आवाज झाला. ती जेली होती.

गाडी रस्त्याकडेला घेऊन तो नुसता बसून राहिला. "मागे चाळीस पोरं असायची, ट्वायला," तो म्हणाला. "पाय ऐकत नाही गं माझं." आणि मग हळूच, "म्हणजे तिची मान मीच मोडली."

मला रडू आलं. राग पण आला, आणि माझा राग नेहमी रडण्याच्या पुढे पळतो. पार्कात पोचल्याबरोबर मी तडक आर्डिसकडे गेले. ती माझ्या ओट्यापाशी गाजर किसत होती.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं. "रुळांचं."

ती किसत राहिली. "मला वाटलं, त्याच्या लक्षात येईल."

"कधी? नऊ वर्षं झाली."

"असं तोंडावर कसं सांगायचं? त्याला वाईट वाटलं असतं."

"आणि तू विमानात बसलीस की तो नाचणार आहे का? अगं, ताकाला जाऊन भांडं किती लपवायचं? तो तिकडे सगळ्या अॅरिझोनातल्या हिच गोळा करतोय. ती जेली कोण खातंय असं वाटलं तुला? तुझी मान म्हणून तो ती जेली फिरवतोय."

किसणी थांबली. तिला हे माहीत नव्हतं. "माझी मान म्हणून?" ती म्हणाली, आणि भांड्यातल्या जेलीकडे जरा निराळ्याच नजरेनं बघितलं. मग खुर्चीवर बसली. "मी बाबांच्या शेतावर बीटचे ट्रक चालवायचे," ती म्हणाली. "सोळा वर्षांची होते तेव्हापासून. भरलेला ट्रक, चिखल, उतार. बीट एक सांडायचं नाही."

"मग चालव ना हा."

"त्यानं विचारलं नाही."

"विचारलं नाही?"

"म्हणजे," आर्डिस म्हणाली, "विचारलं होतं. दोनदा."

मी बाहेर आले. वेंडेल ट्रकच्या हौद्याशी उभा होता, रोली आणि बर्डेट दोन्ही बाजूंना. "ट्रेलर घेतला तेव्हा," मी म्हटलं, "आर्डिसला 'तू चालवतेस का' म्हणून विचारलं होतंस?"

"हो, विचारलं की. ट्रेलरच्या दुकानात. 'नको' म्हणाली. परत विचारलं, 'कशाला उगाच' म्हणाली. मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि तेवढ्यात तो विकणारा माणूस किल्ल्या घेऊन आला, मग स्टोव्ह कसा पेटवायचा ते दाखवायला लागला." तो बोलता बोलता थांबला. त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

नऊ वर्षं. एक स्टोव्ह मध्ये आला म्हणून नऊ वर्षं त्या बाईची मान अवघडली, आणि तिसऱ्यांदा विचारायचं राहून गेलंय हे दोघांपैकी एकाच्याही तोंडून निघालं नाही. असल्या माणसांपुढे मी हात टेकले.

"जा," मी म्हटलं. "आणि वाटेत कुणी काही विकायला आलं तर थांबू नकोस."

तो गेला. टोपी काढली, पायरीवर उभा राहिला. आम्ही तिघं ट्रकआड. रोलीनं बर्डेटचा दंड धरला होता, आणि दोघांच्याही ते लक्षात नव्हतं.

"आर्डिस," वेंडेल म्हणाला, "तू चालवतेस का?"

आत नळ बंद झाला. मग ती दारात आली, हात पुसत. त्याच्याकडे बघितलं नाही, ट्रककडे बघितलं.

"बघू," ती म्हणाली, आणि हात पुढे केला. वेंडेलनं किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या.

हिच तिनंच निवडली. तिन्ही वाकून, टॉर्च लावून बघितल्या. रबराच्या हिचला म्हणाली, "वेगळंच आहे." हवेच्या हिचला म्हणाली, "हेही वेगळंच आहे." तिसरीवर हात ठेवून म्हणाली, "वाईट नाही." तीच घेतली. रोली आणि बर्डेटला याचा इतका राग आला की दोघं एकमेकांशी बोलायला लागले. अजून बोलतात, रोज, त्या हिचला नावं ठेवत.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी सकाळी दोघं निघाली. आर्डिस सुकाणूवर, उशी घेऊन. वेंडेल शेजारी, मांडीवर सँडविचचा डबा. ट्रेलरच्या टेबलावर जेली, कारण आता पार्कानंच हट्ट धरला होता. फाटकाबाहेरच्या रुळांवर ती थांबली, तिथे तसे सगळेच थांबतात. त्यानंतरचं आम्हाला दिसलं नाही.

पाच दिवसांनी फोन आला. आर्डिस होती.

"पोचलो," ती म्हणाली. "जेली आहे तशी आहे. जरा वास येतोय."

"आणि मान?"

"आहे तिथेच आहे."

"मग रुळांवर आता थांबत नसाल, सुटलात," मी म्हटलं.

"थांबते की," आर्डिस म्हणाली. "सगळ्यांवर. लांबूनच हळू करत आणते, ट्रेलरला कळत पण नाही. न थांबता गेले तर त्याच्या घशाखाली घास उतरत नाही गं." मग आवाज खाली घेतला. "आणि आता त्याच्या उजव्या हाताला खरंच दार असतं. उघडतो, ऐकतो, लावतो. शहाण्यासारखा."

 मी म्हटलं, दे त्याला फोन. तो आला, घसा खाकरला, हवापाण्याचं विचारलं, रोलीचं विचारलं.

"वेंडेल," मी म्हटलं, "मला सरळ सांग. बायको कशी चालवते?"

 त्याला असं सरळ विचारायचं नसतं, मला माहीत आहे, पण मी ओक्लाहोमाची आहे.

"याहून वाईट," तो हळूच म्हणाला, "असू शकलं असतं."

मग फोन कुणीतरी त्याच्या हातातून घेतला. आर्डिसचा श्वास ऐकू येत होता.

"ऐकलंस ना, ट्वायला?" ती म्हणाली.

"ऐकलं," मी म्हटलं.